नाताळची सजावट मुलांच्या हातची

(आगमनकाळापूर्वी झालेल्या शब्बाथ शाळा शिक्षक व महिला मंडळ यांच्या संयुक्त मेळाव्यातील भाषण)



मला विषय दिला आहे, 'टाकाऊतून टिकाऊ : मुलांसोबत नाताळची सजावट'. सचिवांनी फोनवर सांगितले, "ताई, थोडे बोला आणि बाकीचा वेळ करून दाखवा." म्हणून कात्र्या, कागद, दोरा, खळीचे पातेले असे सगळे घेऊन आले आहे. ते मागच्या टेबलावर आहे. छोट्यांनी खळीला आत्ताच हात लावू नये, अजून गरम आहे.

आपल्या मिशनच्या वसतिगृहात मी चौदा वर्षे काम करते हे तुमच्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे. जव्हार-मोखाड्याकडच्या पाड्यांवरची मुले-मुली आपल्याकडे राहून शिकतात. वारली, कोकणा, कातकरी, महादेव कोळी अशी सगळी आहेत. काही ख्रिस्ती घरांतली आहेत, बरीचशी नाहीत. पूर्वी नाताळ आला की मी आणि मदतनीस बाई बाजारात जाऊन झिरमिळ्या, थर्माकोलचे तारे, प्लास्टिकची फुले आणत असू, आणि शिडीवर चढून आम्हीच लावत असू. मुले खालून बघत. मग २३ मार्च २०१८ ला महाराष्ट्र शासनाने प्लास्टिक आणि थर्माकोलच्या वस्तूंवर बंदी आणली, सजावटीचे थर्माकोलही त्यात आले, आणि आपल्या गव्हाणीचे सगळे सामान एका फटक्यात बाद झाले. चांगलेच झाले म्हणायचे. थर्माकोल वर्षानुवर्षे कुजत नाही, आणि त्याचे बारीक मणी झाडून झाडून आमची कंबर मोडत असे.

पुढच्याच पालकसभेत मी सांगितले की यापुढे सजावट विकत आणायची नाही, मुलांनी जुन्या वस्तूंपासून करायची. सगळ्यांनी माना हलवल्या. मागे बसलेली एक कातकरी आई मात्र उठून उभी राहिली. म्हणाली, "ताई, पोरीला इथं ठेवलीय ती शिकायला. कचराच वेचायचा तर ती माझ्यासंगं वेचंल. त्याला शाळा कशाला?"

भट्टीवर काम नसते तेव्हा ही आई तालुक्याच्या बाजारात भंगार गोळा करते. सभेत दोघे-तिघे हसले. पण बंधुभगिनींनो, तिचा प्रश्न खरा होता, आणि आज मी जे काही सांगणार आहे ते सगळे त्या प्रश्नातूनच आले आहे. शहरातल्या मुलाने बाटलीचे फूल केले की शाळेत त्याचे कौतुक होते, फळ्याशेजारी ते टांगतात. कातकऱ्याच्या पोरीने तीच बाटली रस्त्यावरून उचलली तर लोक तिला हटकतात. आपण हौस म्हणून जे शिकवतो ते तिच्या घरात पोटासाठी चालते, आणि त्यापायी शिव्या खाव्या लागतात. ही गोष्ट डोळ्याआड करून 'टाकाऊतून टिकाऊ' शिकवता येत नाही.

त्या सभेतच आम्ही तीन गोष्टी ठरवल्या. मुलांनी कुठूनही काही वेचून आणायचे नाही. सामान आम्ही मोठ्यांनी मिळवायचे, तेही स्वच्छ. दुसरे, प्रत्येक मुलाने केलेली पहिली वस्तू त्याच्या स्वतःच्या घरी जाईल. कार्यालयाच्या भिंतीवर, देणगीदारांच्या पाकिटात किंवा विक्रीच्या टेबलावर जायची वेळ त्यानंतर. आणि विक्रीला जे ठेवू त्यावर 'गरीब आदिवासी मुलांनी बनवलेले' अशी चिठ्ठी लावायची नाही. तारा चांगला असेल तर लोक घेतील. वाकडा असेल तर दयेपोटी घेऊ नका, मुलांना ते लगेच कळते.

मी त्या आईला म्हटले, तुम्हीच या एक दिवस, काय करायचे ते तुम्ही सांगा. ती येईल असे वाटले नव्हते, पण आली. आम्ही जमवलेला ढीग तिच्यापुढे ठेवला. तिने एकेक वस्तू बोटांनी चुरगाळून, कानाशी वाजवून दोन ढीग केले. दुधाच्या पिशव्या, पाण्याच्या बाटल्या, पुठ्ठा एकीकडे. वेफर्सची चकचकीत पाकिटे, शाम्पूच्या पुड्या दुसरीकडे. "ह्याचं पैसं येत्यात," ती म्हणाली, "ह्याचं कोण घेत न्हाय."

मी पदविकेसाठी तीन वर्षे धर्मशास्त्र शिकले, पण प्लास्टिकचे शास्त्र त्या दुपारी शिकले. दुधाची पिशवी एकाच प्रकारच्या प्लास्टिकची असते. ती धुऊन भंगारात दिली की वितळवून तिचे पुन्हा काही ना काही बनते. पाण्याच्या बाटलीचेही तसेच. आपण त्या बाटलीला कापून, रंग फासून, डिंक आणि चमकी लावून फूल केले की भंगारवाला ती घेत नाही. जानेवारीत ते फूल कचऱ्यात जाते आणि तिथेच राहते. म्हणजे जी वस्तू मार्गी लागली असती तिची वाट आपण सजावटीच्या नावाने बंद करतो. मासिकांत, मोबाइलवर बाटल्यांच्या फुलांचे किती प्रकार दाखवतात! मी ते आता करत नाही आणि तुम्हीही करू नका असे सुचवीन. बाटली चेपा, भंगारात द्या. वेफर्सच्या पाकिटाचे आतून चंदेरी तोरण होते खरे, पण त्यात प्लास्टिक आणि धातूचा थर एकमेकांना चिकटलेले असतात. तोरण चार वर्षे जपून वापरलेत तर ठीक. दर नाताळला नवे करायचे असेल तर तो नुसता कचऱ्याचा मुक्काम लांबवणे झाले. चमकीबद्दल एवढेच सांगते की ती बहुतेक प्लास्टिकचीच असते, एकदा सांडली की गोळा होत नाही, आणि ज्या कागदाला लागते तो कागदही रद्दीत जायच्या लायकीचा राहत नाही.

म्हणून आमची सजावट कागद, कापड, बांबू, पाने आणि बिया यांचीच असते. ती टिकाऊ नसते, आणि मला तरी टिकाऊ नकोच आहे. पावसाळ्यात खताच्या खड्ड्यात टाकली की दिवाळीपर्यंत माती व्हावी.

आता ताऱ्याकडे येते. पहिल्या वर्षी मुलांनी जुन्या कॅलेंडरच्या पानांचे कंदील केले, पुठ्ठ्याच्या चांदण्या केल्या. सुंदर झाल्या. पाचवीतला एक मुलगा आपली चांदणी हातात धरून माझ्याकडे आला. "ताई, ही घरी न्यायची म्हनतेस. आमचं घर बंद हाय. आई-बाबा भट्टीवर हायत."

तुमच्यापैकी ज्यांनी आपला भाग पाहिला आहे त्यांना हे सांगायला नको. दिवाळी झाली की पाडेच्या पाडे रिकामे होतात. वीटभट्टीची उचल पावसाळ्यातच घेऊन खर्च झालेली असते. ती फेडायला कुटुंब वसई-भिवंडीच्या बाजूला निघते ते मे महिना संपेपर्यंत. भट्टीवर घर म्हणजे काय? कच्च्या विटा एकावर एक रचायच्या, वर पेंढा किंवा ताडपत्री. आत शिरताना मोठ्या माणसाला वाकावे लागते. नाताळच्या सुटीत मुलगा मामाबरोबर तिथे जाणार, एसटीने, मग टेम्पोने, हातात कपड्यांची एक पिशवी. पुठ्ठ्याची चांदणी टेम्पोतच मोडायची.

तेव्हा घडी होणारा तारा हवा होता. तो आम्ही असा करतो. औषधाच्या दुकानात मिळतात तशा खाकी कागदी पिशव्या घ्यायच्या, एका मापाच्या, आठ किंवा नऊ. नसतील तर मुले वर्तमानपत्राच्या पिशव्या स्वतः करतात, तोही हात बसायला चांगला. पिशवीच्या बंद तळाशी आडवी आणि तिथून तोंडापर्यंत मधोमध उभी अशी खळीची रेघ ओढायची. त्यावर दुसरी पिशवी बरोबर बसवायची, मग तिसरी, अशी थप्पी लावायची. वर वजन ठेवून वाळू द्यायची. वाळली की उघड्या तोंडाकडची बाजू कात्रीने त्रिकोणी टोकदार कापायची, आणि कडांना पाने, दाते, अर्धगोल, जे सुचेल ते कोरायचे. मग दोन्ही टोके धरून पंख्यासारखे उघडत गोल नेले की तारा होतो. उघडताना मुले ओरडतातच, पाचवीची असोत की दहावीची. पहिली आणि शेवटची पिशवी एकमेकींना चिकटवायची नाही. टोकांना भोके पाडून दोऱ्याने गाठ मारायची. गाठ सोडली की तारा पुन्हा वहीएवढा सपाट होतो आणि कपड्यांच्या पिशवीत बसतो. आत मेणबत्ती किंवा पणती कदापि ठेवायची नाही. डोक्यावर पेंढा असतो हे विसरू नका. दारातून येणाऱ्या उन्हातच कोरीव काम छान दिसते.

खळीबद्दल भगिनींसाठी दोन शब्द. मैदा थंड पाण्यात कालवून मंद आचेवर ढवळत शिजवायचा, पारदर्शक दिसू लागला की उतरवायचा. बाइंडिंगवाले कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालतात. मुलांच्या कामात तो नको, विषारी असतो. आम्ही लागेल तेवढीच खळ करतो आणि त्या दिवशीच संपवतो. उंदीर-झुरळांना खळ फार आवडते, म्हणून तारे रात्री जमिनीवर ठेवायचे नाहीत. हा सल्ला अनुभवाचा आहे.

बियांच्या माळांसाठी चिंचोके आणि रिठ्याच्या काळ्या बिया उत्तम. मुले रानातून लाल-काळी गुंज आणतात, दिसायला फार गोड. ती आणू देऊ नका. गुंजेची बी चावली गेली तर जिवावर बेतते, आणि भोक पाडताना तिची पूड उडते. रंगासाठी गेरू, तांदळाचे पीठ, कोळसा, हळद. हळदीच्या पाण्यात चुन्याची निवळी पडली की पिवळ्याचा लाल होतो, हे पाहायला आठवीची मुलेसुद्धा धावतात. पण चुना मोठ्यांनीच हाताळायचा.

त्या पाचवीतल्या मुलाचे पुढे काय झाले ते सांगते. फेब्रुवारीत मी भट्ट्यांवरच्या पालकांना भेटायला गेले होते, तेव्हा त्याच्या झोपडीतही गेले. तारा नव्हता. धाकट्या बहिणीने दुसऱ्याच दिवशी फाडला होता. दाराशी मात्र वर्तमानपत्राचा एक तारा लटकत होता, पाच पाकळ्यांचा, भाताच्या शिताने चिकटवलेला, विटांच्या धुळीने लाल झालेला. सुटीत त्याने तो तिथेच बसून केला होता. शेजारच्या दोन झोपड्यांवरही तसेच होते. त्या घरांतली मुले कुठल्याच शाळेत जात नव्हती. त्यांतली एक मुलगी यंदा जूनपासून आपल्याकडे आहे. दुसऱ्या घरातले लोक मात्र पुढच्या हंगामात कुठल्या भट्टीवर गेले ते आम्हाला अजून कळलेले नाही.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांना आवडेल म्हणून एक इतिहासाची गोष्ट. आपण घरांवर लावतो त्या टोकदार कागदी ताऱ्याचे एक मूळ जर्मनीत, मोरेव्हियन मंडळीच्या बोर्डिंग शाळांत आहे. एकोणिसाव्या शतकात तिथे भूमिती शिकवण्यासाठी मुलांकडून कागदाच्या शंकूंचे तारे करून घेत. त्या शाळांत दूरदेशी गेलेल्या मिशनऱ्यांची मुले राहत. आईबाप एकीकडे, मूल दुसरीकडे. पुढे हेर्नहुट गावात त्या ताऱ्यांचा कारखाना निघाला आणि तारा जगभर गेला. वसतिगृहातल्या मुलांना मी हे सांगितले तेव्हा सातवीतल्या एका मुलीने एवढेच विचारले, "त्यांना सुटी कधी मिळायची?"

आणि सजावट आपण यांना शिकवतो असेही समजू नका. वारली घराची कुडाची भिंत कारवीची, वर शेणमातीचा लेप, त्यावर गेरू. तांदळाचे पीठ पाण्यात कालवून, बांबूच्या काडीचे टोक चावून मऊ करून त्यावर चित्र काढतात. लग्नाचा चौक तर सवाष्णींनीच लिहायचा. विकत आणलेली एकही वस्तू त्यात नाही, आणि काम झाले की भिंत पुन्हा सारवायची. डहाणू तालुक्यातले जिव्या सोमा मशे यांनी हीच कला कागदावर आणली आणि २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आमच्या वसतिगृहाची भिंत सिमेंटची, ऑइल पेंट लावलेली. तिच्यावर मुलांना काही काढता येत नव्हते. म्हणून जुन्या गोणपाटाला गेरू लावून त्याचे पडदे केले. त्यावर मुलांनी गव्हाण काढली. मेंढपाळांच्या हाती तारपा आहे, भोवती फेर धरून नाचणारी माणसे आहेत. ज्यांच्या घरी ख्रिस्ती उपासना नाही त्यांनी मोर काढले, ताडाची झाडे काढली, एकाने एसटी काढली. त्यांना गव्हाणच काढा असे आम्ही सांगत नाही. पालकांनी विश्वासाने पाठवलेली मुले आहेत. लग्नपत्रिकांचेही तसेच. पत्रिकेवर देवाचे चित्र असेल तर तिला कात्री लावत नाही, वेगळी ठेवतो. आपल्या जुन्या शास्त्राच्या सुट्या पानांचा कोणी कंदील केला तर आपल्याला कसे वाटेल, तेवढा विचार पुरे.

निर्गमाच्या एकतिसाव्या अध्यायात बसालेल नावाचा कारागीर आहे. देवाच्या आत्म्याने भरलेला असे ज्याच्याविषयी सांगितले आहे तो हा माणूस सोन्याचे, लाकडाचे, नक्षीचे काम करणारा होता. हाताच्या कौशल्याला शास्त्राने एवढा मान दिला आहे, आणि आपण मात्र हस्तकलेचा तास शुक्रवारी शेवटी, वेळ उरला तर ठेवतो. आणि योहानाच्या सहाव्या अध्यायात पाच हजार जेवल्यावर उरलेले तुकडे गोळा करायला सांगितले, बारा टोपल्या भरल्या. ते तुकडे कोणाच्या पायदळीचे नव्हते. सगळे पोटभर जेवल्यानंतर उरलेली ती चांगली भाकर होती. आपण मुलांपुढे काय ठेवतो, ते ठेवताना मला हा फरक आठवतो.

त्यामुळे आता थोडे स्पष्ट बोलते, राग मानू नका. दर नोव्हेंबरात मंडळ्यांकडून खोकी येतात. मनापासून पाठवलेली असतात, त्यासाठी आम्ही आभारी आहोत. पण त्यांत फांद्या गळालेली प्लास्टिकची झाडे असतात, मागच्या वर्षीच्या झिरमिळ्यांचा गुंता असतो, एकदा तर नुसत्या बंद पडलेल्या दिव्यांच्या माळा होत्या. त्या आमच्या गावी कुठे टाकायच्या? तालुक्याला कचऱ्याची गाडी आहे, पाड्यावर नाही. मग ते जाळावे लागते, आणि धूर मुलांच्याच छातीत जातो. मी पाठवलेले परत पाठवू शकत नाही, म्हणून आधीच सांगते : जे तुमच्या नातवाच्या हातात खेळायला द्याल तेच आम्हाला द्या.

जुनी कॅलेंडरे द्या, जाड चकचकीत कागदाची. एका बाजूने कोरे कागद, लग्नपत्रिका, मिठाईचे पुठ्ठे. मंडळीत शिवणकाम करणाऱ्या भगिनी आहेत, त्यांच्याकडच्या कापडाच्या चिंध्या, सुती असतील तर फार बरे, त्यांची तोरणे होतात. जुनी सुती साडी धुऊन द्या. औषधाच्या दुकानात ओळख असेल तर शंभर-दोनशे खाकी पिशव्या मिळवा. नव्या चालतील, त्यात कमीपणा नाही. आणि चांगल्या कात्र्या. पन्नास मुलांत आमच्याकडे अकरा कात्र्या आहेत, त्यांतल्या चार धारेला द्यायच्या आहेत. सामान आगमनकाळाच्या पहिल्या रविवारच्या आत आले तर उपयोगी पडेल, कारण नाताळच्या सुटीला मुले निघण्याआधी प्रत्येकाचा तारा वाळलेला हवा.

ज्या आईने तो प्रश्न विचारला ती दरवर्षी येते, ढीग निवडून देते. त्या दिवसाची मजुरी आम्ही तिला देतो. पहिल्या वर्षी ती नको म्हणत होती. आता येण्याआधी निरोप पाठवून दर विचारते, आणि यंदा तो वाढवून मागितला आहे. महिला मंडळाने तो खर्च उचलावा अशी विनंती मी लेखी दिली आहे.

खळ आता कोमट झाली असेल. आठ-आठ जणांचे गट करा, प्रत्येक गटात दोन तरी मुले घ्या, आणि कात्री मुलांच्याच हातात द्या.